कुणाचं नसलेलं नाव

हे मी अजून कुणाजवळही बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, माहेरी नाही. लेकीजवळ तर शक्यच नाही, कारण हे सगळं तिच्याच नावावरून झालं. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या लोकांना मी बरी बाई वाटते, आणि ते वाटणं माझ्याच्याने अजून सोडवत नाही — हेही आधीच सांगून टाकते.

बोईसरला येऊन मला पंचवीसेक वर्षं झाली. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. ह्यांना तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आलो. आमच्या सोसायटीत सगळे असेच, कुणी सांगलीचे, कुणी जळगावचे, दोन-तीन घरं तर थेट बिहारची. आणि ह्या सगळ्यांत मी प्रसिद्ध आहे. हसू नका. माझ्याकडे एक वही आहे, बाळांच्या नावांची. कुणाच्या घरी पाळणा हलायचा असला की फोन मला येतो. "वहिनी, र वरून मुलगा, दोन अक्षरी, आणि दुसऱ्या कुणाचं नको."

दुसऱ्या कुणाचं नको. हे मी वीस वर्षं ऐकते आहे. आमच्या आयांच्या वेळी सुमन, कुसुम, शालिनी. आमच्या वेळी सुनीता, अनिता, संगीता. तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही. गल्लीत पाच अनिता असल्या तर पाच असल्या. मग पूजा आणि स्नेहल आल्या, मग नावं आखडत आखडत दोन अक्षरांवर आली. देवांची सहस्रनामं उपसून झाली, संस्कृत कोश उपसून झाला, आता अर्थ नसला तरी चालतो, फक्त ऐकणाऱ्याने "वेगळं आहे हो" म्हटलं पाहिजे. शिरगावहून मासळी घेऊन येते ती हिराबाय. तिची नात कियारा. आम्ही नावं पडद्याच्या कापडासारखी निवडतो — शेजारणीच्या खिडकीला तेच दिसलं की पोटात दुखतं. दुसऱ्यांबद्दल नाही बोलत मी. माझं दुखलं होतं.

मी जन्माची सुनीता. वर्गात चार सुनीता होत्या आणि बाई मला 'सुनीता तिसरी' म्हणायच्या. सातवीपर्यंत मी तिसरी होते. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मधुरा' लिहिलं. ते नाव सासूबाईंनी ठरवलं होतं, मला कुणी विचारलं नव्हतं. वाईट वाटलं का? खरं सांगू, तेव्हा नाही वाटलं. चौघींतून सुटले म्हणून बरंच वाटलं. वाईट पुढे कधीतरी वाटलं, आणि तोवर ते बोलायची वेळ निघून गेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. बऱ्याच जणींची नावं बदलतात; सगळ्या काही मी केलं तसं करत नाहीत.

लेक झाली तेव्हा मी ठरवून टाकलं होतं. रेवा. तेव्हा अख्ख्या बोईसरमध्ये रेवा नव्हती — निदान मी तरी ऐकली नव्हती. बारशाला नणंदबाईंनी कानात कुर्र करून नाव सांगितलं, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, पेढे वाटले. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं डोळे मोठे करून बघत होती ती बुधी.

बुधी आमच्याकडे कामाला. मासवणकडची, वारली आदिवासी. तिकडे पावसावरची एवढीशी भातजमीन. ती पुरत नाही म्हणून नवरा इथे माल चढवा-उतरवायच्या कामावर लागला आणि दोघं बोईसरच्या कडेला एका पाड्यावर राहायला आली. पहिल्या दिवशी मी नाव विचारलं तर म्हणाली, "बुधवारी झाली म्हनून बुधी. पोरगा शुक्रवारी झाला तो शुक्र्या. आमच्यात वार बघतात, आन् काय." मी तेव्हा मनातल्या मनात हसले होते. एवढं सोपं असतं तर वही कशाला लागली असती?

माझ्या रेवाला पहिली अंघोळ घातली ती बुधीने. पायांवर घेऊन, तेल चोळून, रोज, सव्वा वर्ष. सासूबाईंना वारलीण बाळाला हात लावते हे फारसं पसंत नव्हतं, पण त्यांची कंबर धरलेली आणि मला न्हाऊ घालायचं धैर्य नाही. रेवा पहिलं पाऊल टाकून गेली ती बुधीकडे, माझ्याकडे नाही. हेही कुठेतरी असेल आत. मला नक्की माहीत नाही.

येते मी मुद्द्यावर. येते.

रेवा चार वर्षांची असताना बुधीला मुलगी झाली. दीड महिन्याने बाळाला फडक्यात गुंडाळून ती दाखवायला घेऊन आली. मी रेवाचे जुने फ्रॉक काढून ठेवले होते, झबली, दुपटं. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि लाजत म्हणाली, "ताई, आमी पन बारसं केलं. लुगड्याचा झोका बांधला, नंदेनं कानात नाव सांगलं. रेवा."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कोण रेवा?

"हीच," ती म्हणाली. "तुमच्या रेवाला माज्या हातानं न्हाऊ घातलं ना. तिच्यासारकं नशीब लागू दे म्हनून."

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? नका सांगू. तुम्ही त्या बाईला जवळ घेतलं असतंत. मी म्हटलं "अरे वा", आणि फ्रॉकची पिशवी तिच्या हातात दिली, आणि ती गेल्यावर भांडी आपटली.

दोन दिवसांत ते सोसायटीभर झालं. खालच्या मजल्यावरच्या जळगाववाल्या वहिनी हळदीकुंकवात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय हो, तुमच्या बाईच्या मुलीचं नाव पण रेवा? मग हाक मारली की कोण येणार, चहा प्यायला येणारी का भांडी घासायला येणारी?" बायका हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत माझे कान तापले होते. पुन्हा तिसरी झाल्यासारखं वाटलं मला. नव्हे, त्याहून वाईट: वर्गातल्या त्या चौघी निदान एका वर्गात तरी होत्या. बघा, हा विचार माझा. माझ्याच डोक्यातला.

मी तिला सरळ सांगू शकले असते, की बुधी, मला आवडलं नाही, लोक हसतात. ते कमीपणाचं वाटलं. मोलकरणीजवळ आपण छोट्या मनाचे आहोत हे कसं कबूल करायचं? म्हणून मी शास्त्र सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती केर काढत होती. मी तिला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "बुधी, एका उंबऱ्यात एका नावाच्या दोघी वाढल्या तर धाकटीला बाधतं. आमच्यात असं नाव ठेवतच नाहीत. माझ्या मामाकडे असंच झालं होतं. धाकटी राहिली नाही."

असं कुठलंही शास्त्र नाही. असा मामाही मला नाही. चहा कपात ओतता ओतता मी हे रचलं — दोन मिनिटं लागली असतील.

तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, "मंग आता?" मी म्हटलं, बदल. दुसरं ठेव. तिने विचारलं, तुमीच सांगा ताई, तुमच्या वहीतलं. वहीतलं चांगलं नाव मला तिला द्यावंसं वाटलं नाही. उद्या कुणा मोठ्या घरचा फोन आला तर? म्हणून मी म्हटलं, सुनीता ठेव. माझं जुनं. घरात पडून होतं, कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. फ्रॉक दिले तसं तेही देऊन टाकलं. आणि बुधीने माझे हात धरले. "बरं झालं सांगलंत," म्हणाली.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. एवढं खोटं कोण बोलत नाही?

पोर दीड वर्षाची झाल्यावर बुधी तिला कामावर घेऊन यायला लागली. स्वयंपाकघराच्या भिंतीशी बसायची, वाटी-चमचा घेऊन खेळत, शहाणी. एकदा मी कुकर लावला होता आणि ती गॅसकडे पाठ करून बसली होती. शिट्टी झाली. माझी रेवा त्या वयात कुकरच्या शिट्टीने किंचाळून रडायची. हिने मान वळवली नाही. दुसरी शिट्टी, तिसरी. मग बाहेर कंपनीचा भोंगा झाला, दुपारच्या पाळीचा, ज्याने आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. ती चमच्याने वाटी ढवळत होती.

बुधी मागे कपडे वाळत घालत होती. मी परात घेतली, पोरीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि उलथन्याने परातीवर जोरात मारलं. एकदा. मग आणखी एकदा. काही नाही. मी परात जागेवर ठेवून दिली. बुधीने मागून विचारलं, "काय पडलं ताई?" मी म्हटलं, काही नाही.

मला कळलं होतं. त्या क्षणी, स्वच्छ. पोर बहिरी आहे, जन्माचीच असेल, आणि तिला डॉक्टरकडे न्यायला हवं. आज, उद्या. हे कळायला मी काही अडाणी नव्हते.

त्याच आठवड्यात बुधीने फरशी पुसता पुसता फडकं बाजूला ठेवलं. "ताई, पोर ओ देत नाय. सुनीता म्हनते, नाय बघत. पयल्या नावानं पन हाक मारून बघली गुपचूप, तरी नाय." मग तिने स्वतःच्या कानाला हात लावला. "आमी दुसऱ्याच्या लेकीचं नाव हिच्या कानात घातलं ना. म्हनून कान मिटला. तुमी सांगलं होतं. माजीच चूक."

मी तिला "बाधतं" म्हटलं होतं. कानाचं मी काही म्हटलं नव्हतं. ते तिने जोडलं — बारशाच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं होतं ना तिने, नाव कुठे सांगतात ते.

एक वाक्य पुरेसं होतं. अगं, मी ते खोटं सांगितलं, चल डॉक्टरकडे. किंवा खोट्याचं राहू दे, नुसतं चल डॉक्टरकडे. तेवढं तरी का नाही म्हटलं? कारण डॉक्टर सांगेल हे जन्मापासून आहे, नावाबिवाचा काही संबंध नाही, आणि मग ती माझ्याकडे बघेल. त्या नजरेला मी भ्यायले. आणि आणखी एक आहे. ते लिहिताना मला माझीच किळस येते, पण आता ठेवून काय करू? क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं. आपला शब्द खरा ठरला, असं.

मी म्हटलं, "काही मुलं उशिरा बोलतात गं. होईल."

मग ती भगताकडे गेली. कोंबडी झाली, नारळ झाला. भगताने नाव बदलायला सांगितलं, सोमी झालं. मग जानू झालं. दर वेळी झोका बांधायचा, दर वेळी कुणीतरी वाकून त्या कानात नवं नाव सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी बुधी कामावर येऊन मला सांगायची, बगू आता. मी म्हणायची, हो, बघू. वर्षामागून वर्षं मी "बघू" म्हटलं. ह्या काळात माझी वही दोनदा भरली.

पोर सहा वर्षांची झाल्यावर अंगणवाडीच्या बाईंनी तिला एका तपासणी शिबिरात पाठवलं. बुधी म्हणाली, ताई, तुमी चला, मला तिथलं बोलनं नाय कळत. मी गेले. मोठ्या मनाची बाई ना मी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी तपासलं आणि विचारलं, आधी का नाही आणलं? दीड-दोन वर्षांची असताना मशीन लावलं असतं, शिकवलं असतं, तर बोलली असती ही. आता अवघड आहे. बुधीने मान खाली घातली. म्हणाली, "चूक माजी हाय, मॅडम." मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. माझी पर्स मांडीवर होती. मी पर्सची चेन लावली, उघडली, लावली.

नंतर बहिरेपणाच्या दाखल्यासाठी कोळगावला जिल्हा कचेरीत गेलो तेव्हा फॉर्म मीच भरला. मुलीचं नाव, असा रकाना होता. बुधीने माझ्याकडे बघितलं. चार नावं होती तिच्यापाशी, आणि त्यांतलं एकही पोरीला माहीत नव्हतं. मी 'सुनीता' लिहिलं. ज्या नावाला मी स्वतः ओ देत नाही ते.

आणि हसण्याचं सांगायचं राहिलं. ते सांगितलंच पाहिजे. मध्ये चौथ्या मजल्यावरच्या सांगलीवाल्यांना मुलगी झाली आणि त्यांनी तिचं नाव रेवा ठेवलं. मला न विचारता, नेटवर बघून. नावाची साथ येते तशी तेव्हा आली होती. आज आमच्या आवारात तीन रेवा आहेत आणि एकमेकींच्या सायकली पळवतात. बुधी त्यांच्याकडेही धुणं करायची. ती घाबरली. पदर खोचून त्यांच्या घरात उभी राहिली आणि सांगून आली, की हे नाव नका ठेवू, वरती एक रेवा हाय, धाकटीला बाधंल, माज्या पोरीचं बगा काय झालं. ती बाई हसत हसत माझ्याकडे आली. "वहिनी, कसल्या अंधश्रद्धा असतात हो ह्या लोकांत!" बुधी माझ्याच ओट्याशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी सांगेन म्हणून. शास्त्र माझंच होतं.

मी म्हटलं, "हो ना बाई." आणि हसले.

बुधी मोरीकडे वळली. कढई घासायला घेतली. त्या दिवसानंतर तिने तो विषय माझ्यासमोर कधी काढला नाही, पण काम सोडलं नाही. मला वाटतं तिने माझ्यासाठीही काहीतरी कारण शोधून काढलं असेल — लोकांदेखत मोठ्या घरची माणसं तसं बोलतात, असं काहीतरी.

पोर आता पंधरा वर्षांची आहे. बहिऱ्या मुलांच्या एका निवासी शाळेत असते. सुट्टीत आली की आईबरोबर येते, माझ्या पाया पडते. तिच्या डाव्या भुवईवर पडल्याची खूण आहे. शाळेत मुली तिला हाक मारताना दोन बोटं भुवईवर ठेवून खाली ओढतात. तेच तिचं नाव. बुधीने एकदा करून दाखवलं आणि म्हणाली, ह्या नावाला लगेच बघते. मी करून बघायला हात उचलला होता. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि मी केस मागे सारल्यासारखं केलं.

गेल्या महिन्यातलं सांगते आणि थांबते. बुधीच्या शुक्र्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालं. त्याला मुलगी झाली. सून शिकलेली, बारावी. तिला वार-बीर नको होता, मोबाईलमध्ये बघून तिने चांगली पाच-सहा नावं काढली होती. बुधीने त्यांतलं एकही ठेवू दिलं नाही. भांडण झालं घरात, सून दोन दिवस जेवली नाही. मग बुधी माझ्याकडे आली, सकाळी, कामाच्या आधी, अंघोळ करून. खाली बसली.

"ताई, वहीत बगा," म्हणाली. "कुनाचं नसंल असं नाव द्या. जिवंत मानसाचं नको, मेलेल्याचं नको. एकदा चूक केली, आता नाय करायची."

पंधरा वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच. रेवा पुण्याला, हे कंपनीत, सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झालेली. आता कोण हसणार होतं मला? कुणाची भीती होती?

मी उठले, कपाटातून वही काढली, चष्मा लावला. चार-पाच पानं उलटली. एक नाव सापडलं, कठीणसं, कुणी न मागितलेलं. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या हातात दिलं. तिने ती चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. तिला वाचता येत नाही. पदराच्या टोकाला बांधली.

दारात वळून तिने विचारलं, "ताई, नक्की कुनाचं नाय ना?"

मी म्हटलं, "नक्की."